शेवट कळला का?

भुताचा सिनेमा संपला की आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला. "म्हणजे भूत खरंच होतं, की तिच्या डोक्यातच होतं?" मग अर्धा तास वाद. चहा होतो, कप धुऊन होतात, वाद तसाच. हल्ली तर शेवट समजावून सांगणारे व्हिडिओच मिळतात, त्यामुळे भांडायची मजाही गेली. पण हा प्रश्न आपल्याकडे आला कधी, हे बघायला मी जुने सिनेमे पुन्हा पाहिले आणि माझं एक मत झालं. पटतंय का बघा. (शेवट फुटतील, आधीच सांगते. एक सोडून.)

सुरुवात अर्थात 'महल'पासून. १९४९, बॉम्बे टॉकीज, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन. अशोककुमार एका ओसाड वाड्यात येतो आणि तिथल्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. रात्री गाणारी ती बाई. शेवटी कळतं की ती माळ्याची मुलगी, चांगली जिवंत. भूत निकालात निघालं! पण तसबीर? कधीच्या मेलेल्या माणसाचा चेहरा याच्यासारखा कसा? त्यावर सिनेमा गप्प बसतो. एवढं कोडं मागे ठेवतो आणि आपण सगळे त्याच कोड्याला चिकटतो. त्याची बायको रंजना मात्र आपल्याला आठवतही नाही. नवरा भुतामागे लागला म्हणून ती विष घेते. भूत खोटं ठरलं तरी तिचं मरण काही खोटं ठरत नाही.

'मधुमती'त (१९५८, बिमल रॉय) उलटा खेळ. खुनी राजाकडून कबुली काढायला हुबेहूब तशीच दिसणारी मुलगी मधुमतीच्या वेशात उभी करायची, असा बेत. कबुली मिळते. आणि मग खरी तोतया धापा टाकत येते, म्हणते, गाडी वाटेत बंद पडली! अंगावर काटा आणणारं दृश्य आहे ते, आजही. पुढे 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४) यांत शेवटी माणसांचाच डाव निघतो. सगळं नीटनेटकं. घरी जाऊन शांत झोप.

झोप उडवली ती 'गहराई'ने, १९८० साली. अरुणा राजे आणि विकास देसाई हे दोघे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात. यांनी आधी 'शक' (१९७६) केला होता, त्यातही बायकोला नवऱ्याचा संशय. म्हणजे घरातल्या माणसाच्या पोटात काय आहे, हा यांचा जुनाच विषय.

'गहराई'ची गोष्ट बंगळूरची. चेन्नबसप्पा नावाचा शिस्तीचा, व्यवहारी गृहस्थ गावाकडची बाग एका साबण कंपनीला विकून टाकतो. ती जमीन आईसारखी सांभाळणारा बसवा हे ऐकून कोसळतो. आणि इकडे शहरात चेन्नबसप्पाची मुलगी उमा विचित्र वागू लागते. वेगळ्याच आवाजात बोलते. काय बोलते? तर वडिलांनी पूर्वी बसवाच्या बायकोच्या बाबतीत केलेलं पाप. बायकोमुलांसमोर. पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा शाळकरी वयाची, आणि तिचं ते बोलणं ऐकवत नाही. डॉक्टर येतात, मग मांत्रिक येतात. त्यातला अमरीश पुरींचा मांत्रिक तर पोरीला बरं करण्याऐवजी तिलाच वापरायला बघतो.

शेवट सांगत नाही, स्वतः बघा. पण मला विचाराल तर त्यातलं खरं कोडं शेवटात नाहीच. उमाला ते कळलं कसं? भुताने सांगितलं म्हणा, किंवा लहानपणी गावाकडे मोठ्यांची कुजबुज कानावर पडून मनात कुठेतरी मुरली म्हणा. (पोरं खेळत असतात आणि सगळं ऐकत असतात, हे कुठल्याही आईला विचारा.) दोन्ही अर्थ लागतात. एकच गोष्ट दोन्हीकडे तशीच राहते, ती म्हणजे ती जे बोलली ते खरं होतं.

आणि वडिलांच्या भूमिकेत कोण? डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन, देवाला रिटायर करा म्हणणारे, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या बाजूने आयुष्यभर उभे राहिलेले. सिनेमातही तेच मांत्रिकाला नको म्हणतात, बरोबरच म्हणतात. आणि घरातला गुन्हेगारही तेच. हे लागूंनी करावं याचं मला फार कौतुक वाटतं. बरोबर बोलणारा माणूस निर्दोष असतोच असं नाही, हे त्यांच्या त्या ताठ चेहऱ्यावर दिसतं.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी तिकडे स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' आला. तिथेही बाप, तिथेही ओसाड वास्तू. शेवटी १९२१ सालच्या फोटोत हा बाप हसतोय! कुब्रिकने आधी एक इस्पितळातला प्रसंग जोडला होता, तो सिनेमा लागल्यावर काही दिवसांतच कापून टाकला. मग बसले लोक चाळीस वर्षं त्या फोटोचा अर्थ लावत. पण दारूच्या नशेत त्याने मुलाचा हात निखळवला होता, ते हॉटेलात पाऊल टाकायच्या आधी. तिथे भूत नव्हतं.

असे संदिग्ध शेवट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, असा एक आक्षेप आमच्याच घरात आहे. तो मी उडवून लावणार नाही. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांना याच पुण्यात, ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि भूत उतरवतो म्हणून बांधून घालणं, मारणं हा गुन्हा ठरला. मार खाणाऱ्या बहुतेक बाया आणि पोरी असतात. राम गोपाल वर्माच्या 'भूत'मध्ये (२००३) मांत्रिकीण बरोबर निघते तेव्हा मीही अस्वस्थ होते. पण 'गहराई' तसा नाही. तो मांत्रिकाला सोडत नाही आणि बापालाही सोडत नाही.

आम्हा मांजरीकरांना हा सिनेमा जरा जास्तच लागतो. द्राक्ष संशोधन केंद्र इथलं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलं. बागा नि ऊस ही या गावाची ओळख. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून शेतांचे प्लॉट आणि प्लॉटांचे टॉवर व्हायला लागले होते. आम्हीही अशाच एका टॉवरमध्ये राहतो, उगाच साळसूदपणा नको. जमीन कोणी विकली, काय भावाने, बंगला कुठे बांधला, हे पारावर सगळ्यांना पाठ असतं. त्या शेतात वर्षानुवर्षं राबलेला सालगडी नंतर कुठे गेला, हे विचारलं की लोक आठवायला लागतात. सातबारावर त्याचं नाव कधी नव्हतंच.

आमच्या आत्या परवा 'गहराई' बघायला बसल्या होत्या. माझा तोच प्रश्न, भूत खरं की आजार? त्या म्हणाल्या, "ते राहू दे. त्या गड्याला काही पैसे दिले का रे त्याने?"