टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक इंजिन

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना. मग टू-स्ट्रोकची शक्ती दुप्पट का नसते? कारण जळका वायू बाहेर लोटताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलही जळते आणि धूर वाढतो. एवढ्यावरून ही रचनाच चुकीची ठरवणे मात्र अन्यायाचे आहे. १९७२ साली आलेली, कायनेटिक इंजिनिअरिंगच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) कारखान्यात बनलेली लुना पाहावी. पायडल मारून सुरू होणाऱ्या त्या हलक्या, स्वस्त मोपेडला फोर-स्ट्रोकमधला व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टचा पसारा परवडला नसता. ५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिनच तिथे योग्य होते. पुढे उत्सर्जनाचे निकष कडक झाले आणि दुचाकींत फोर-स्ट्रोक रुळले.