नापित शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे व त्याच्या आठवणी

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आम्हांस हिणविण्याकरिता पुष्कळदा वापरली जाते. परंतु आमच्या पूर्वजांच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी तुंबडी असे, दूषित रक्त काढण्याचे काम त्यांच्याकडे होते, याची साक्षही त्याच म्हणीत आहे. युरोपातही हीच स्थिती होती. तेथील एका नापिताने आपली बाजू स्वतः लिहून ठेविली. ती हकीकत समाजबांधवांपुढे मांडावी असे आम्हांस वाटते.

आंब्रुआझ पारे याचा जन्म फ्रान्समधील लाव्हाल या गावाजवळ सुमारे १५१० साली झाला. त्या काळी तेथे लॅटिन जाणणारे वैद्य सर्वांत वर; रोग्याच्या अंगावर शस्त्र चालविणे त्यांस कमीपणाचे वाटे. त्यांच्या खाली लांब झग्याचे शस्त्रवैद्य आणि तळाशी वस्तरा चालविणारे नापित. पारे हा या तळचा. लॅटिनचा गंध नाही. शिक्षण झाले ते पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयात, रोग्यांच्या खाटांपाशी.

१५३७ च्या सुमारास तो सैन्याबरोबर इटलीत तुरिनकडे गेला. तेथे एका तबेल्यात दारूने होरपळलेले तीन सैनिक भिंतीस टेकलेले त्याने पाहिले. हे बरे होतील काय, असे एका वृद्ध सैनिकाने विचारले. पारेने नाही म्हणताच त्या म्हाताऱ्याने शांतपणे तिघांचे गळे चिरले. पारेने त्याची निर्भर्त्सना केली. तेव्हा, माझी अशी दशा झाली तर मलाही असाच कोणी भेटो, असे त्याने उत्तर दिले. उपाय नसेल तेथे काय होते, हे पारेने प्रथम तेथे पाहिले.

गोळीची जखम विषारी, सबब तीत उकळते तेल ओतावे, असा त्या वेळचा शास्त्रार्थ होता. एके दिवशी तेल संपले. नाइलाजाने पारेने अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप लाविला. सकाळपर्यंत हे लोक मरतील या धास्तीने त्यास रात्रभर झोप आली नाही. पहाटे उठून पाहतो तो लेपवाल्यांस वेदना थोडी, आणि तेलाने भाजलेले ज्वराने व सुजेने तळमळत होते! इतःपर अशी भाजणी करावयाची नाही, असा त्याने निश्चय केला. १५४५ साली हे सारे त्याने छापिले. तेही लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या फ्रेंच भाषेत.

पुढे १५५२ मध्ये पाय कापल्यावर रक्त थांबविण्यास डाग न देता त्याने रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. तो चार राजांचा शस्त्रवैद्य झाला. राक्षसी जन्मांविषयीच्या त्याच्या पुस्तकात भाबड्या समजुती पुष्कळ आहेत, हेही सांगितले पाहिजे.

विद्वानांचा रोष मात्र गेला नाही. वैद्यक-शाखेचा एके काळचा अधिष्ठाता गुर्मलेन याने १५८० साली या बांधणीवर कडक टीका केली. १५८५ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात, पारेने उत्तर दिले तेच त्याचे आत्मवृत्त होय. आधी तो गेलन व अविसेना यांचेच दाखले प्रतिपक्षावर उलटवितो, आणि मग आपल्या स्वाऱ्यांची हकीकत सांगतो. जणू विचारतो की, महाराज, आपण यांपैकी कोठे होतां?

त्यातील मेत्झच्या वेढ्याचा प्रसंग आम्हांस विशेष वाटतो. १५५२ च्या हिवाळ्यात राजाज्ञेने त्यास शत्रूच्या वेढ्यातून गुपचूप शहरात नेले. दुसऱ्या दिवशी तटाच्या खिंडारावर सरदारांनी त्या नापितास मिठ्या मारिल्या. आता जखमी झालो तरी मरणाचे भय नाही, असे ते म्हणू लागले.