वाटोळं म्हणजे नेमकं काय?

आजचा एपिसोड छोटा आहे, एकाच शब्दावर. शब्द आहे 'वाटोळं'.

ऐकल्या ऐकल्या तुमच्या डोक्यात 'सगळं वाटोळं झालं' हेच आलं असणार. आमच्या घरी मात्र हा साधा रोजचा शब्द होता. आजी म्हणायची, भाकरी वाटोळी थाप, तो वाटोळा दगड आण. वाटोळा म्हणजे गोल, बस्स.

पाचवीला मी शहरातल्या शाळेत आलो. बाईंनी फळ्यावर आकृती काढून विचारलं, हे काय? मी म्हणालो, "वाटोळं." अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "वर्तुळ म्हण. शुद्ध बोलायला शीक." मी तो शब्द टाकला. वर घरी जाऊन आजीच्या चुका काढायला लागलो. त्याची आज लाज वाटते.

आता नोकरीत एक सवय लागलीये. कोणी 'इथे चूक आहे' म्हटलं की आधी जुनी हिस्टरी बघायची. या शब्दाचीही बघितली.

संस्कृतात 'वृत्' हा धातू आहे. त्याच्या अर्थांत वळणं, फिरणं येतं. त्यावरून 'वर्तुल', म्हणजे गोल. प्राकृतात लोकांच्या तोंडी 'र्त'चा 'ट्ट' झाला आणि शब्द बनला 'वट्टुल'. मग मराठीनं आपलं नेहमीचं काम केलं. जोडाक्षर सुटं केलं, आधीचा स्वर लांबवला. कर्म, कम्म, काम. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. तसंच वर्तुल, वट्टुल, वाटोळा. शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला, फलचं फळ झालं तसा.

आता सांगा, 'हात' शब्दाला कोणी अशुद्ध म्हणतं का? मग वाटोळ्यानं काय घोडं मारलंय? उलट वर्तुळ हा शब्द आपण संस्कृतातून जवळजवळ तसाच उचललाय, 'ळ' तेवढा आपला. वाटोळं मात्र शेकडो वर्षं माणसांच्या तोंडून फिरत फिरत आपल्यापर्यंत आलंय.

याचं खानदानही मोठं आहे. आपण चालतो ती 'वाट' याच धातूची, 'वर्त्मन्'पासून आलेली. 'वृत्त'ही त्यातलंच. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानं वर्तुळाचा परिघ सांगताना वृत्त हाच शब्द वापरला. हिंदीत गणितात आजही वृत्तच म्हणतात. आपल्याकडे तो भूगोलात राहिला, विषुववृत्त, कर्कवृत्त असा. आणि गंमत म्हणजे लॅटिनमधला 'वर्तेरे', म्हणजे वळवणं, हा या धातूचा लांबचा भाऊ. त्यातून आले व्हर्जन आणि रिव्हर्ट. म्हणजे मी ऑफिसात दिवसभर वाटोळ्याच्याच भावकीत असतो!

मग गोल या अर्थातून नाश कसा आला? माझा अंदाज, शून्यामुळे. परीक्षेत शून्य मिळालं की 'भोपळा मिळाला' म्हणतोच ना आपण? गोल म्हणजे हाती काहीच नाही.

आजी आता नाही. तू बरोबर बोलत होतीस, हे तिला सांगायचं राहून गेलं. तुमच्या घरी कोणी असा शब्द वापरत असेल, तर चूक काढायच्या आधी त्याची हिस्टरी बघा. आणि तो शब्द मला व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!