औद्योगिक कामगार-वसाहती (नांदेड व लातूर)

कारखान्यात राबणाऱ्या श्रमिकांच्या कुटुंबांसाठी मालकाने, शासनाने अथवा सहकारी संस्थेने उभारलेला घरांचा समूह म्हणजे कामगार-वसाहत. मुंबईच्या गिरणगावातील चाळी हे तिचे सर्वपरिचित रूप होय. परंतु मराठवाड्यात, जेथे उद्योग विरळ राहिले आणि त्यांपैकी बहुतेक कापूस, तेलबिया, डाळी व ऊस ह्या शेतमालाच्या हंगामावर विसंबून चालले, तेथे ह्या वसाहतींची जडणघडण निराळी झाली.

नांदेड : सातवा निजाम मीर उस्मान अलीखान ह्याचे नाव धारण करणारी उस्मानशाही मिल ही हैदराबाद संस्थानाच्या अमदानीतील मराठवाड्याची प्रमुख कापडगिरणी. 1974 च्या राष्ट्रीयीकरण अधिनियमान्वये ती सरकारी मालकीची झाली व पुढे बंद पडली. तथापि ‘मिल रोड’ आणि ‘लेबर कॉलनी’ ही नावे शहराच्या बोलण्यात आजही टिकून आहेत.

लातूर : गंजगोलाई ह्या बाजारचौकाच्या आश्रयाने वाढलेल्या ह्या बाजारपेठेत एका मोठ्या गिरणीऐवजी अनेक लहान डाळमिली व तेलगिरण्या चालल्या. येथेही लेबर कॉलनी आहे. परंतु लहान कारखानदाराला वसाहत बांधणे परवडण्याजोगे नसल्यामुळे हमाल व रोजंदारीवरील मजूर ह्यांना बहुधा भाड्याच्या खोलीचाच आसरा घ्यावा लागतो.

शासकीय प्रयत्न : केंद्र शासनाने 1952 साली सुरू केलेल्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेत राज्यांना खर्चाच्या निम्मे अनुदान व निम्मे कर्ज देण्याची तरतूद होती. केवळ चार भिंतींनी संसाराचे स्वास्थ्य साधत नाही, ही जाणीव 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमामागे होती. त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळाच्या केंद्रांनी शिवणवर्ग, शिशुमंदिर, ग्रंथालय व नाट्यस्पर्धा ह्यांच्या द्वारे पाळीवरून परतलेल्या कामगाराला आणि त्याच्या घरच्या स्त्रियांना एकत्र येण्यास हक्काची जागा दिली.

साखर कारखान्यांच्या वसाहती : सहकारी साखर कारखान्यांच्या आवारात आज ह्या विषयाची दोन टोके शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे कायम नोकरांचे पक्के क्वार्टर, नळ, वीज व शाळा. आणि दुसरीकडे, मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या. बांबूच्या कमानी वाकवून त्यांवर चटई अथवा पाचट घातले, आत जेमतेम बसता येईल एवढी जागा उरली, बाहेर तीन दगडांची चूल मांडली आणि बैल शेजारी बांधले, की सहा महिन्यांचे घर तयार होते. पहाटे फडावर निघणाऱ्या आईच्या मागे धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी कोपीवर राहते व तिची शाळा तेथेच सुटते. हे मजूर ज्या भागांतून येतात त्यांत बीडबरोबरच ह्याच दोन जिल्ह्यांतील डोंगराळ तालुकेही आहेत. त्यांच्या मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून राज्य शासनाने 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली.

मूल्यमापन : मालकाच्या घरात राहणाऱ्या कामगाराच्या घराची किल्ली हजेरीपटाला बांधलेली असते, नोकरी गेली की छप्पर जाते, आणि पिढ्यांच्या शेजारधर्मातून जुळलेली अडीअडचणीची सोबतही त्याबरोबर विस्कटते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1961 च्या आपल्या शिफारशीत मालकांनी स्वतः घरे पुरवणे सर्वसाधारणपणे इष्ट नसल्याचे नमूद केले, ते ह्याच पारतंत्र्याची दखल घेऊन. म्हणून वसाहतीची खरी कसोटी इमल्याच्या मजबुतीत नसून, कारखान्याचा भोंगा कायमचा थांबल्यावरही त्या कुटुंबाचा घरावरील कबजा शाबूत राहतो की नाही, ह्यात आहे. आणि कोपीत राहणारा मजूर ह्या कसोटीपर्यंत अद्याप पोहोचलेलाच नाही.