मुंबई की पुणे? ठाणे-कल्याणच्या खेळाडू विद्यार्थ्यांची निवड

मुंबईकडून आलेला लोहमार्ग कल्याणच्या पुढे दोन वाटांना फुटतो, हे आपणांस ठाऊक आहेच. एक वाट कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे जाते. दुसरी कर्जतवरून बोरघाट चढून पुण्यास पोचते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत रूळ आले, पुढच्याच वर्षी ते कल्याणला पोचले. त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नसेल की शंभर वर्षांनी इथली खेळाडू पोरे कोणत्या विद्यापीठाच्या चमूत खेळणार, हे याच रुळांवरून ठरेल. पण झाले मात्र तसेच.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे नव्वद वर्षे आपल्या मुलुखात त्याचेच छत्र होते. पुण्याचे फर्ग्युसन, कोल्हापूरचे राजाराम, धारवाडचे कर्नाटक कॉलेज, फार काय, कराचीचे कॉलेजसुद्धा मुंबई विद्यापीठाचेच! १९३५-३६ पासून विद्यापीठांमध्ये रोहिंटन बारिया करंडकाचे क्रिकेट सामने होऊ लागले, तेव्हा कल्याणचा मुलगा माटुंग्यास शिको वा पुण्यास, त्याला खेळायचे झाले तर ते मुंबई विद्यापीठाकडूनच. निवड करायची ती कॉलेजची, विद्यापीठाची नव्हे. आणि पुण्याचे आकर्षण काही कमी नव्हते बरं का! सर परशुरामभाऊ कॉलेजात प्राध्यापक दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत. त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. सकाळी वर्गात जे संस्कृत शिकवतात तेच मैदानावर कर्णधार, हे भाग्य कुठे मिळणार?

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या जुन्या प्रासादात विद्यापीठाचे बिऱ्हाड थाटले गेले. आता एकाच शाळेतून मॅट्रिक झालेले दोन मित्र, एक रुइयात आणि दुसरा फर्ग्युसनमध्ये गेला, तर पश्चिम विभागाच्या सामन्यांत समोरासमोर उभे राहू लागले. विद्यापीठांची स्पर्धा ही काही नवी चीज नव्हे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी १८२७ साली क्रिकेटचा व १८२९ साली वल्हवण्याचा पहिला सामना खेळला. अमेरिकेत तर विद्यापीठाची माणसे खेळाडूच्या घरी जाऊन शिष्यवृत्ती देऊ करतात. आपल्याकडे विद्यापीठ दाराशी येत नाही. मुलालाच गाडी पकडावी लागते.

आणि त्या गाडीचा हिशेब असा. कल्याण ते दादर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, कल्याण ते पुणे त्याच्या तिप्पट. मुंबईस रोज जाऊन-येऊन करता येई आणि विद्यार्थ्याला सवलतीचा पास मिळे. पुण्यास मात्र वसतिगृह आणि खानावळ आली. ज्याचे वडील मुंबईत कारकून, त्यांना दरमहा खानावळीचे पैसे पाठवणे जड जाई. म्हणून बहुतेकांची निवड पैशानेच करून टाकली. रुइया कॉलेज १९३७ चे, दादरचे कीर्ती कॉलेज १९५४ चे. दोन्ही रेल्वेच्या वाटेवर. मात्र सकाळच्या सरावाला पोचायचे तर कल्याणच्या मुलाने पहाटेची लोकल धरायची, संध्याकाळी गर्दीत बॅट सांभाळत परतायचे. पुण्याचा गडी तेवढ्या वेळात मैदानाला दोन फेऱ्या मारून, आंघोळ करून पुस्तक उघडून बसलेला असे!

शिवाय मुंबईत जागा मिळणे कर्मकठीण. १९५८-५९ साली अजित वाडेकरांनी मुंबई विद्यापीठातर्फे दिल्लीविरुद्ध ३२४ धावा काढल्या. तो विक्रम पुढे मुंबईच्याच सुनील गावसकरांनी ३२७ धावा करून मोडला. अशा चमूत अकरावा गडी म्हणून शिरायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. घरून जवळ ते मुंबई, आणि चमूत शिरायला अवघड तेही मुंबईच.

हुतूतूवाल्यांचा प्रश्न वेगळाच. ठाणे जिल्ह्यात कबड्डीचे वेड केवढे, हे सांगायला नको. पण आंतरविद्यापीठ खेळांत कबड्डीला स्थान मिळाले ते १९६१ साली. तोपर्यंत चांगल्यातला चांगला चढाईबहाद्दर कॉलेजात गेला तरी विद्यापीठाच्या लेखी तो खेळाडूच नव्हता. त्याने निवड करायची ती कशाची?

मुलींची वाट तर आणखी अरुंद. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली पुण्यात निघाले, १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईस आले, आणि १९५१ साली त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे मुलींना हे तिसरे दार होते खरे. पण दिवेलागणीच्या आत घरी यायचे, या अटीवर संध्याकाळचा सराव बसवायचा कसा? बहुतेकींचा खेळ शाळेतच सुटला. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे कॉलेज १९६९ साली आणि कल्याणात बिर्ला कॉलेज १९७२ साली सुरू झाले. मला वाटते, या दोन सालांनी इथल्या मुलींच्या खेळाला जेवढा हात दिला, तेवढा कोणत्याही करंडकाने दिला नाही.

आज ठाणे जिल्हा मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत आहे. म्हणजे घराजवळच्या कॉलेजात नाव घातले की विद्यापीठ ठरलेच. नियमही सोपा आहे: खेळाडू सतरा ते पंचवीस वर्षांचा हवा, आणि एका वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळायचे. कॉलेज घराशी आले. मोठी मैदाने मात्र मुंबईतच राहिली. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे लहानपणी सरावासाठी लोकलनेच मुंबईला जाई.

गुरुजनांना पालक विचारतात, "कुठल्या कॉलेजात घालू?" त्यांनी आधी एवढेच पाहावे, की त्या कॉलेजात खेळाडूमागे उभा राहणारा माणूस आहे काय. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैसे जमेनात. ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. आणि परतल्यावर कुस्त्या खेळून पैसा मिळवला व प्राचार्यांचे घर सोडवून दिले.