वर्णाचा रकाना

गेली अकरा वर्षे आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचीच्या कामात मी अल्पसा सहभाग घेत आलो आहे. या सूचीत शिक्षण, उंची, नोकरी यांच्या पंक्तीत 'वर्ण' असाही एक रकाना आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जुन्या वह्या चाळताना असे आढळले की, त्यांत गोरे आहेत, निमगोरे आहेत, गहूवर्णी तर उदंड आहेत. सावळे मात्र क्वचित, आणि काळे कोणीच नाही. दर आषाढीला सावळ्या विठ्ठलाचे अभंग आळवणाऱ्या समाजाची ही सूची आहे. ही विसंगती कोठून आली, याचा थोडा शोध येथे घेण्याचा विचार आहे.

आपल्या परंपरेत श्यामल सौंदर्याला मान होता, यात शंका नाही. महाभारताची नायिका द्रौपदी वर्णाने श्यामल. 'कृष्णा' हे तिचे नावच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील चित्रकारांनी गौर आणि श्याम अशा दोन्ही वर्णांच्या आकृती सारख्याच तन्मयतेने रंगविल्या. 'मेघदूता'तील यक्ष आपल्या पत्नीस 'श्यामा' म्हणतो. टीकाकार मल्लिनाथाने या शब्दाचा अर्थ 'तरुणी' असा दिला. त्यास कोशाचा आधार आहे. तथापि पुढील कित्येक वाचकांना तो अर्थ सोयीचाही वाटला असावा, असे मला वाटते.

म्हणून सारा दोष इंग्रजांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. त्यांच्या आगमनापूर्वी सुमारे दोन सहस्र वर्षे पतंजलीने महाभाष्यात ब्राह्मणाच्या लक्षणांत गौरवर्णाची गणना केली आहे. इंग्रजी अमदानीने या जुन्या ग्रहास सत्तेचे बळ आणि शास्त्राचा मुलामा दिला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावण्याचा घाट घातला. त्याच सुमारास चित्रांचाही प्रभाव वाढत होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो मळवलीस गेला. तेथील छापील चित्रांतून नऊवारी नेसलेल्या गौरांगी लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. देवी कशी दिसते हे डोळ्यांत ठसले, आणि त्याबरोबर सून कशी दिसावी हेही.

पुढचे काम बाजाराने केले. आपले मंडळ ज्या काळात आकारास येत होते, त्याच काळात, १९७५ मध्ये, 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतात विक्रीस आले. त्याच दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी एक सावळी तरुणी, स्मिता पाटील, पुढे अभिनयाने सारा देश जिंकून गेली. आपण तिचे चित्रपट आवडीने पाहिले आणि घरी मलमही आणले! २०२० मध्ये त्या मलमाच्या नावातील 'फेअर' हा शब्द गेला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. आपला रकाना मात्र अद्याप कायम आहे.

वस्तुतः रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर किती अवलंबून असतो, हे आम्हा बदलीच्या नोकरीतील माणसांना चांगले ठाऊक असते. पुण्यात मी सावळ्यांत मोडत असे. चेन्नईस बदली झाल्यावर तेथील सहकारी मला 'सिवप्पु' म्हणू लागले. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ तांबडा. गोऱ्या माणसालाही तोच शब्द लावतात. तेथून दिल्लीस आलो, तो शेजाऱ्यांनी मला मद्रासी ठरविले. या तिन्ही शहरांत माझी कातडी तीच होती.

इतके ठाऊक असूनही माझ्या हातून जे घडले, ते सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीचा अर्ज भरला. ती माझ्या आईसारखी, चांगली सावळी आहे. वर्णाच्या रकान्यात मी 'गहूवर्णी' असे लिहिले. तिने अर्ज वाचला आणि शांतपणे विचारले, "बाबा, आजीचा रंग तुम्ही काय लिहिला असता?" माझ्या आईइतकी देखणी स्त्री मी पाहिली नाही, असे मी घरात अनेकदा बोललो होतो. मला उत्तर सुचले नाही. मुलीने तो शब्द खोडला, 'सावळी' असे लिहिले आणि अर्ज माझ्या हाती परत दिला.

त्यानंतर जुन्या वह्या मी पुन्हा पाहिल्या. त्यांतील कित्येक 'गहूवर्णी' माझ्याच हस्ताक्षरात आहेत. पालक संकोचाने थांबत आणि मी तो शब्द सुचवीत असे. तेव्हा ते मला सौजन्य वाटे. समोर बसलेल्या मुलीला ते काय वाटले असेल, हे मी कधी विचारले नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात नवी सूची छापली जाणार आहे. तीत हा रकाना नसावा, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. त्या जागी काय छापावे, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला आहे. तेथे मुलाची अथवा मुलीची आवड लिहिण्यास दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात, असे मी सुचवितो.