माणगंगा: आपल्या वाळूतली नदी

मैत्रिणींनो, संक्रांतीला कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरावर आपण ववसायला जातो. त्याच डोंगरात दोन नद्या उगम पावतात. बाणगंगा उत्तरेला फलटणकडे उतरून नीरेला मिळते. आपली माणगंगा आग्नेयेला वळते. दहिवडी, म्हसवड, दिघंची असं करत ती सांगोल्याच्या रानातून जाते आणि पंढरपूरजवळ सरकोलीला भीमेत मिसळते. माण तालुक्याला नाव दिलं ते हिनंच.

आपला मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आपल्याकडे वारा तेवढा येतो. म्हणून ही नदी पावसाळ्यात चार दिवस दुथडी वाहते, एरवी कोरडी दिसते. पण आपल्या आज्या तिला कोरडी म्हणत नसत. पात्रात हातभर वाळू उकरली की झरा लागे. वाटीवाटीनं पाणी भरत, घागर भरेपर्यंत सुखदुःखाच्या गोष्टी होत.

1876-78 च्या मोठ्या दुष्काळात इंग्रज सरकारनं म्हसवडच्या खाली, राजेवाडीला, याच नदीवर तलावाचं काम काढलं. पोटासाठी बायाबापड्यांनी माती वाहिली. तलाव झाला, पण कालवे खालच्या रानांकडे गेले. वरच्या गावांची तहान तशीच राहिली. पुढं 1972 च्या दुष्काळात पुन्हा बायाच खडी फोडायला बसल्या. आमच्यातल्या काहीजणी तेव्हा आईच्या पदराआड, खडीच्या ढिगाशेजारी खेळत होत्या.

नंतर पात्रातली वाळू ट्रकनं जाऊ लागली. घरं पक्की झाली, ती आपल्यालाही हवीच होती. पण वाळू म्हणजे नदीची घागर. पुराचं पाणी ती धरून ठेवी आणि काठच्या विहिरींना पुरवी. ती उपसली, खडक उघडा पडला, झरे गेले. मग घागर घेऊन चालायचं अंतर वाढलं, ते कुणाच्या पायांनी हे सांगायला नको.

आता कृष्णेचं पाणी उपसून आंधळीच्या धरणात आणतात. ते आलं याचा आम्हाला आनंदच आहे. पण बाहेरचं पाणी मुरायलाही वाळू लागतेच. म्हणून एक करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तुमचा झरा कुठं होता? ती जागा लिहून ठेवा, ग्रामसभेत सांगा. तिथली वाळू तरी राखू या.